कुटुर्ग्याचा ठेका

कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्ट्यातल्या कुठल्याही ठाकूरवाडीत किंवा कातकरवाडीत एखाद्या पाच वर्षांच्या पोराला पावशाचा आवाज काढायला सांगा. ते चार-पाच वेळा ‘पेरते व्हा’ म्हणेल, दर वेळी सूर आधीपेक्षा वर नेईल आणि मग एकदम थांबेल, कारण पावशाही तसाच एकदम थांबतो. हेच पोर अंगणवाडीत बसलं की ‘चिमणी चिवचिव, कावळा कावकाव, गाय हंबा’ हे सगळं एकाच चालीत म्हणायला शिकतं. चिमणीचा सूर तोच, कावळ्याचा तोच आणि गाईचाही तोच. प्राण्यांच्या आवाजांतून लहान मुलांना गाणं शिकवण्याचा आपला गेल्या ऐंशी वर्षांचा प्रवास पाहताना मला हेच सारखं टोचत राहतं. घरी इतका तयार असलेला कान शाळेत कुणी वापरतच नाही.

हे नेहमीच असं नव्हतं. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून महाराष्ट्रात परतल्या. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात गेली. माँटेसोरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती. त्यांची जागा शंख-शिंपल्यांनी, बियांनी, पानांनी घेतली. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेलं. तिथली थोडी मोठी मुलं दिवसभर गुरं राखायची. त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली, म्हणजे गुरं चरत असतील तिथं शिक्षकानं जायचं.

या साऱ्या कामात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही कुरणशाळा. अक्षरओळख तिथं झालीच, पण शिकवणारा माणूस पहिल्यांदा मुलाच्या आवाजांच्या जगात जाऊन बसला. गुराख्याचं पोर घंटेच्या नादावरून आपली गाय ओळखतं. टिटवी ओरडली की कुणीतरी येतंय, हे त्याला न बघता कळतं. अशा मुलाला स्वरज्ञान नाही असं कोण म्हणेल?

माँटेसोरी पद्धतीतली आणखी एक गोष्ट बालवाड्यांत आली होती, ती म्हणजे शांततेचा खेळ. डोळे मिटून बसायचं आणि दूरचे, बारीक आवाज वेचायचे. संगीताच्या शिक्षणाची याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही. पुढे बहुतेक ठिकाणी या खेळातलं ऐकणं गळून गेलं आणि उरलं ते ‘हाताची घडी, तोंडावर बोट’. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. लाखो मुलांच्या तोंडी घास गेला, लसी मिळाल्या. हे उपकार मोठे आहेत. पण वजन, पोषण आहार आणि नोंदवह्या एकट्या सांभाळणाऱ्या सेविकेकडे गाण्यासाठी वेळ उरला तो पाठांतरापुरता. स्नेहसंमेलनात ‘नाच रे मोरा’ हमखास असतं. १९५३ च्या ‘देवबाप्पा’तलं हे गाणं गदिमा, पु. ल. आणि आशाताईंनी अजरामर केलं, आणि त्यावर नाचताना मुलांचे चेहरे उजळतात. फक्त मोर ओरडतो कसा, हे त्या मुलांना कुणी विचारत नाही. आमच्याकडची मुलं ते रानात रोज ऐकतात.

अलीकडच्या काही वर्षांत कशेळे-खांडसच्या बाजूला आणि खालापूरच्या वाड्यांवर मुलांबरोबर बसताना एक रीत हळूहळू सापडत गेली. आधी फक्त ऐकायचं, तोंडानं नक्कल नाही. मग तो आवाज हातानं हवेत काढायचा: वर जातो की खाली, सलग आहे की तुटक. मग टाळी, मांडी, पाय. वाद्य अगदी शेवटी. वाद्यं म्हणजे करवंट्या, बांबूचे तुकडे, वाळलेल्या शेंगा, रिकामे डबे आणि हंगाम असेल तर आंब्याची कोय घासून केलेली पुंगी.

लय शिकवायला तांबट पक्ष्यासारखा गुरू नाही. गळा फुगवून तो एकसारखा ‘टुक टुक’ करत राहतो, मिनिटाला शंभरावर ठोके, आणि लय ढळत नाही. करवंट्यांवर त्याच्याबरोबर चालताना चार वर्षांची मुलंही घाई करणं सोडतात. कुटुर्गा त्याचाच भाऊबंद. एका झाडावरून ‘कुटूर कुटूर’ सुरू झालं की दुसऱ्या झाडावरून उत्तर येतं. मुलांचे दोन गट केले, एकानं म्हणायचं आणि दुसऱ्यानं नेमकी जागा पकडून उचलायचं, की सवाल-जवाब आपोआप उभा राहतो. ही जागा पकडणं म्हणजेच पुढे ताल समजणं.

पावशानं तर मला थक्क केलं. त्याच्याकडे आरोह आहे, अवरोह नाही. वर चढत जातो आणि तुटतो. ‘आता खाली कसं यायचं?’ एवढंच विचारलं, तर मुलं उतरणीच्या आपापल्या वाटा काढू लागली. कुणी एकेक पायरी उतरलं, कुणी घसरगुंडी केली. नक्कल तिथं संपली आणि रचना सुरू झाली. ऐकलेल्यात स्वतःची भर घालणं, यालाच मी संगीत करणं म्हणते.

पण खरी मैफल बेडकांची. पहिल्या पावसात भाताच्या खाचरांत नर बेडूक ओरडतात. सोनबेडकाचे नर तेव्हा पिवळेधमक होतात आणि गळ्याजवळचे निळसर फुगे फुगवतात. प्रत्येक जातीचा सूर वेगळा, ठेका वेगळा, आणि शेजारी ओरडत असताना पुष्कळदा आपली पाळी साधून मधल्या फटीत ओरडायचं. आम्ही मुलांचे चार गट करतो, प्रत्येकाला एकेक बेडूक. बाहेरून ऐकणाऱ्याला तो गोंगाट वाटतो, पण जरा थांबलं की चार लयी एकमेकींत गुंतलेल्या ऐकू येतात. मग एक मूल डब्यात खडा टाकतं आणि सगळे क्षणात गप्प होतात, पाऊल वाजताच खाचर गप्प होतं तसे. पुन्हा कुणी सुरू करायचं, हे कुणीच ठरवत नाही. विराम हासुद्धा गाण्याचाच भाग आहे, हे शिकवायला याहून वेगळा धडा लागत नाही.

जगात इतरत्र हा धागा वेगळ्या वाटेनं गेला. प्रोकोफिएव्हनं १९३६ मध्ये मॉस्कोतल्या मुलांसाठी ‘पीटर आणि लांडगा’ रचलं. त्यात पक्ष्याला बासरी, मांजराला क्लॅरिनेट, लांडग्याला तीन हॉर्न. रचना सुंदर आहे, पण मुलं तिथं श्रोते. जर्मनीत कार्ल ऑर्फ आणि गुनिल्ड केटमान यांनी मुलांच्याच हाती वाद्यं दिली. १९४८ पासून त्यांचे कार्यक्रम बव्हेरियन रेडिओवर गाजले. मला ही दुसरी वाट जवळची वाटते.

आपल्याकडे तर हा धागा फार जुना. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकरा’त सात स्वरांना सात प्राणी जोडले: षड्जाला मोर, ऋषभाला चातक, गांधाराला बकरा, मध्यमाला क्रौंच, पंचमाला कोकीळ, धैवताला बेडूक, निषादाला हत्ती. त्याआधीच्या ‘नारदीय शिक्षे’त ऋषभाला बैल आणि धैवताला घोडा आहे. ही यादी पाठ करून घेण्यात अर्थ नाही. प्रत्येक बकरा गांधारातच ओरडत नाही, आणि बकऱ्यांत वाढलेल्या मुलांना ते लगेच कळतं. त्यांना बकऱ्याकडून मिळतो तो आवाजातला कंप. तरीही शास्त्र लिहिणाऱ्याला स्वर समजावताना रानाची साक्ष काढावीशी वाटली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

अडचण वेळापत्रकाची आहे. कोकीळ आणि पावशा ऐन रंगात असतात तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी. दिवाळीनंतर कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, मुलांसकट, आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे सगळी मुलं एकत्र सापडतात ती बेडकांच्या दिवसांत. म्हणून आम्ही वर्ष जूनमध्ये बेडकांपासून सुरू करतो. भट्टीवरून आलेली मुलं तिकडचे आवाज आणतात, ट्रकचा भोंगा आणि भट्टीवरच्या गाढवाचं रेकणंही, तेही घेतो.

२०२२ च्या पायाभूत स्तरावरील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळ, स्थानिक गाणी आणि परिसर यांना मानाचं स्थान दिलं. कागद अनुकूल आहे. आता सेविकांच्या प्रशिक्षणात एक अख्खा दिवस निव्वळ ऐकण्यासाठी हवा, सभागृहाबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी. त्या दिवशी शिकवायला वाडीतलाच एखादा म्हातारा गुराखी बोलवावा, आणि इतर तज्ज्ञांना मिळतं तेच मानधन त्यालाही द्यावं.