आधी मुक्काम, मग मैल

इंग्लंडच्या कालव्यांवर नॅरोबोट (अरुंद, लांब बोट) भाड्याने घेऊन आठवडा काढायचा बेत ठरला, की पहिला प्रश्न निघतो तो ‘कुठून कुठपर्यंत जायचं?’ हा. नकाशा पसरला जातो, मैल मोजले जातात, त्यांना सातने भागले जाते आणि संध्याकाळी जिथे पोहोचू तिथे बोट बांधू, असे म्हणून विषय मिटतो. या सुट्टीबद्दलचे बहुतेक गैरसमज याच क्रमातून जन्मतात. माझे म्हणणे उलट आहे. आधी रात्रीचे मुक्काम ठरवावेत. ते मुक्काम जोडत गेल्यावर जो रस्ता तयार होईल, तोच आपला मार्ग. बोटीचा वेग, लॉकमध्ये (बोट एका पाणपातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणाऱ्या, दोन्हीकडे दारे असलेल्या कोठडीत) जाणारा वेळ, उरलेला उजेड आणि काठ कसा आहे, या सगळ्याचा हिशोब दुपारी चारच्या सुमारास एकदमच समोर येतो. त्याचा विचार घरी बसून केलेला नसेल तर तो दमलेल्या अवस्थेत, सुकाणूचा दांडा हातात धरून करावा लागतो.

वेगापासून सुरुवात करू. कालव्यांवर ताशी ४ मैलांची मर्यादा आहे, हे वाचून लोक आठ तास गुणिले चार असा हिशोब मांडतात. पण ४ मैल ही मर्यादा आहे, सरासरी नव्हे. काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना इंजिन अगदी मंद करावे लागते, नाहीतर पाण्याच्या ओढीने त्यांच्या मेखा उपटून येतात. उथळ पाण्यात जोर वाढवला तर बोटीचा मागचा भाग खाली बसतो, काठावर लाटा आपटतात आणि वेग काही वाढत नाही. त्यात लॉक. म्हणून जाणकार ‘लॉक-मैल’ मोजतात : एक लॉक म्हणजे एक मैल धरायचा, सगळ्याची बेरीज करायची आणि तिला तीनने भागायचे, येतात ते तास. ‘फोर काउंटीज रिंग’ हा मध्य इंग्लंडमधला फार लोकप्रिय वर्तुळाकार मार्ग घ्या. अंतर सुमारे ११० मैल, लॉक ९४. बेरीज २०४, म्हणजे ६८ तास. आता आठवड्याकडे पाहा. बोट साधारणपणे दुपारी दोन ते चारच्या दरम्यान ताब्यात मिळते, ती कशी चालवायची हे समजावून घेण्यात तासभर जातो आणि शेवटच्या दिवशी सकाळी नऊच्या आसपास ती परत करायची असते. सात रात्री हातात असतात, पण पूर्ण दिवस सहाच. म्हणजे रोज अकरा तासांहून थोडा जास्तच प्रवास.

यावर लगेच उत्तर येते की हे रिंग आठवड्यात पूर्ण करणारे कितीतरी लोक आहेत. आहेत, आणि ते खोटे बोलत नाहीत. हात सराईत असतील, दोघे जण पुढे चालत जाऊन पुढचे लॉक तयार ठेवत असतील, तर तासाला चार लॉक-मैल जमतात आणि दिवसाचे काम साडेआठ तासांवर येते. पण माणसे वाढवून लॉकचा वेळ वाचतो, रांगेचा नाही. याच मार्गावरचा हेअरकॅसल बोगदा २,९२६ यार्ड लांब आहे. त्यातून एका वेळी एकाच दिशेने बोटी सोडतात, पार व्हायला सुमारे चाळीस मिनिटे लागतात आणि दिवसाच्या ठरलेल्या वेळेनंतर आत घेत नाहीत. तिथे अर्ध्या तासाने चुकलेली बोट तो दिवस गमावते आणि पुढचे सगळे मुक्काम सरकतात. थकव्याचा मुद्दा मला याहून गंभीर वाटतो. लॉकच्या वरच्या दाराखाली एक दगडी उंबरा असतो. पाणी उतरू लागले की तो उघडा पडतो, आणि बोटीचा मागचा भाग त्यावर राहिला तर पुढचा भाग खाली जात राहतो व बोट बुडू शकते. भिंतीवर पांढरी रेघ असते, तिच्या पुढे बोट ठेवायची एवढीच खबरदारी. पण नवव्या तासाला, मुक्काम अजून सापडलेला नसताना, ती रेघ पाहायला कोणीतरी जागेवर हवे. भाड्याच्या बोटीला चालवण्याचा परवाना लागत नाही, ही गोष्ट खरी आहे; तिच्यावरून हे काम कुठल्याही अवस्थेत जमते असा अर्थ मात्र कोणी काढू नये.

मुक्कामाबद्दल दोन परस्परविरोधी समजुती एकाच वेळी नांदतात. हॉटेलसारखी रोजची जागा आधी राखून ठेवावी लागेल, पैसे भरावे लागतील, अशी काहींना धास्ती असते. बाकीच्यांना वाटते, कालवा मोकळा आहे, कुठेही थांबा. वस्तुस्थिती अशी की इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग २०१२ पासून कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था सांभाळते आणि बोटीच्या परवान्यातच मुक्कामाची सोय धरलेली असते. ज्या काठाने पूर्वी घोडे बोटी ओढत नेत, त्या पायवाटेच्या काठाला, वेगळी पाटी नसेल तर, चौदा दिवसांपर्यंत बोट बांधता येते. पैसे नाहीत, आरक्षण नाही. गावांजवळ आणि गर्दीच्या ठिकाणी पाहुण्या बोटींसाठी राखलेल्या जागा असतात, तिथे २४ किंवा ४८ तास अशी मुदत लिहिलेली असते. लंडनमधल्या काही जागांसारखे अपवाद आहेत, तिथे आधी नाव नोंदवावे लागते. पलीकडचा काठ मात्र बहुधा खासगी मालकीचा. तिथे बोट लावणे म्हणजे दुसऱ्याच्या अंगणात गाडी लावणे.

पायवाटेच्या काठालाही ‘कुठेही’ हा शब्द चालत नाही, आणि इथे प्रत्येक मनाईमागे कारण आहे. लॉकच्या वर-खाली जो छोटा धक्का असतो तो लॉक उघडायला उतरणाऱ्यांसाठी आहे. तिथे कोणी रात्रभर ठाण मांडले तर पुढच्या बोटीतल्या माणसाला उतरायला जागाच राहत नाही. वळणावर किंवा पुलाखाली बांधलेली बोट समोरून येणाऱ्याला शेवटच्या क्षणी दिसते, आणि पंधरा-वीस टनांच्या या बोटीला ब्रेक नसतात. ती थांबवायची म्हणजे इंजिन उलटे फिरवायचे. काही ठिकाणी कालवा मुद्दाम रुंद केलेला असतो. ती जागा रात्रीसाठी आयती वाटते, पण साठ-सत्तर फुटी बोट वळवायला तेवढीच जागा असते. सर्वांत कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे लॉकच्या माळेतले दोन लॉकांमधले छोटे टप्पे. दारे थोडी गळत असली तरी अशा टप्प्यातले पाणी रात्रीतून उतरते आणि सकाळी बोट चिखलावर तिरकी टेकलेली सापडते. साचलेले पाणी म्हणजे स्थिर पातळी, या समजुतीला इथे तडा जातो. मुक्काम लॉकच्या माळेच्या आधी किंवा नंतर करावा, मध्ये नाही.

नकाशावर सुंदर दिसणारी जागा मुक्कामालाही चांगली असेलच असे नाही, आणि यात कालवा कोणी खोदला याचाही वाटा असतो. जेम्स ब्रिंडली या अभियंत्याच्या पिढीचे कालवे, उदाहरणार्थ १७७२ मध्ये खुला झालेला स्टॅफर्डशायर अँड वूस्टरशायर, जमिनीच्या उंचसखलपणाला वळसे घालत जातात; तिथे काठ बहुधा शेताच्या पातळीला असतो. १८३५ मध्ये पूर्ण झालेली टेलफर्ड या नंतरच्या अभियंत्याची वाट, म्हणजे आजच्या श्रॉपशायर युनियनचा दक्षिण भाग, डोंगर कापून आणि भराव घालून सरळ नेलेली आहे. तिथल्या खोल खोदाईत ऊन पोहोचत नाही, कडे ओले असतात आणि वूडसीव्ह्जसारख्या टप्प्यात दरडींमुळे वेगमर्यादा ताशी २ मैल आहे. भरावांवर वारा बोटीला काठापासून दूर ढकलतो. शिवाय या कालव्याच्या काठाला पाण्याखाली दगडी पायरी आहे, जिला नेहमीचे प्रवासी ‘श्रॉपी शेल्फ’ म्हणतात. बोट काठाला लागतच नाही. हातभर अंतर राहते आणि रात्रभर तळ त्या दगडावर आपटत राहतो. म्हणून श्रॉपशायर युनियन कॅनॉल सोसायटीच्या स्वयंसेवकांनी जिथे काठ बांधून कड्या बसवल्या आहेत, त्या जागा नकाशावर आधीच खुणावून ठेवाव्यात. आवाजाचेही तसेच. पेंकरिजच्या परिसरात स्टॅफर्डशायर अँड वूस्टरशायर कालव्याजवळून एम-सिक्स महामार्ग जातो. निळ्या रेषेभोवतीची हिरवळ पाहून तिथे फुली मारणाऱ्याने शेजारची जाड रेषाही पाहावी.

सुरक्षिततेबद्दलची समजूत अशी की शहर धोक्याचे आणि रान निर्धास्त. बर्मिंगहॅमच्या मध्यभागातले गॅस स्ट्रीट बेसिन रात्रीही जागते असते, आसपास बोटींतून माणसे राहतात, दिवे असतात. नेहमीचे प्रवासी टाळतात ते शहराच्या कडेचे निर्मनुष्य औद्योगिक पट्टे. खरी कसोटी शहर की खेडे ही नाही. आधीच दोन-चार बोटी लागलेल्या आहेत का, हे पाहावे. जिथे दुसरे थांबले आहेत तिथे खोली, काठ आणि शांतता यांची परीक्षा झालेली असते. ट्रस्टच्या पाण्यावर ३५ हजारांच्या आसपास बोटी आहेत आणि त्यांतल्या अनेकांत लोक बारा महिने राहतात. म्हणून रात्री आठ ते सकाळी आठ बांधलेल्या बोटीचे इंजिन चालवायचे नाही, हा नियम मनापासून पाळावा. सुट्टीवर आलेला माणूस ज्याला मुक्काम म्हणतो, तो शेजाऱ्याचा राहता पत्ता असतो.

बोट कशी बांधली यावर रात्रीची झोप ठरते. काठाला कड्या असतील तर काम सोपे. लोखंडी पत्र्याची भिंत असेल तर तिच्या आडव्या पट्टीमागे अडकवायचे आकडे मिळतात. नुसती माती असेल तर मेखा ठोकाव्या लागतात : बोटीपासून बाहेरच्या बाजूला झुकलेल्या, पायवाटेच्या कडेला, पाण्याच्या अगदी काठाशी नाही, कारण तिथली माती ढासळते. पुढचा दोर पुढे आणि मागचा मागे असा तिरका न्यावा, म्हणजे कोणी जवळून गेले तरी बोट मागेपुढे हेलकावत नाही. किंचित ढील द्यावी, पाणी उतरले तर दोर बोटीला उचलून धरत नाही. मेखेच्या डोक्यावर पांढरी पिशवी किंवा जुनी प्लॅस्टिकची बाटली उलटी घालावी, अंधारात सायकलवाल्याला दिसते. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेली मराठी मुले भारतातून आलेल्या आईवडिलांना अशा सहलीला नेतात, तेव्हा लव्हाळ्यातून उडी मारायला लावणारा रम्य काठ सोडून कड्या असलेला सपाट, दगडी काठ निवडावा. उडी तर कोणीच मारू नये, पाऊल टाकून उतरावे.

इतके सगळे आधी ठरवले तर भटकण्यातली मोकळीक कुठे राहिली, असा आक्षेप घेतला जाईल. मला तो रास्त वाटतो, पण तो घड्याळाने बांधलेल्या बेताला लागू आहे. जागा राखून ठेवता येत नाहीत, तेव्हा प्रत्येक रात्रीसाठी एकमेकींपासून तासाभराच्या अंतरावरच्या दोन जागा हाताशी ठेवायच्या : पहिली भरलेली असेल तर दुसरी, पहिलीच आवडली तर तिथेच. स्टॅफर्डशायर अँड वूस्टरशायर कालव्यावरच्या ग्रेट हेवूडहून निघून श्रॉपशायर युनियनवरच्या नॉरबरी जंक्शनपर्यंत जाऊन परत येण्याचा बेत पाहा. एका बाजूचे अंतर सुमारे साडेछत्तीस मैल, लॉक चौदा. जाऊन-येऊन जवळपास १०१ लॉक-मैल, म्हणजे ३४ तास, रोजचे साडेपाच. पहिल्या दुपारी टिक्सॉल वाइडला थांबता येते. तिथे कालवा तळ्यासारखा पसरलेला आहे आणि वाटेत एकही लॉक नाही, नवख्यांना याहून चांगली सुरुवात कोणती? पुढे पेंकरिज, ब्रूवूड, व्हीटन ॲस्टन, नॉसल अशी गावे आहेत, दुकान आणि पब चालत जाण्याच्या अंतरावर. बोट वळवायला नॉरबरीला जागा आहे. त्याच वाटेने परत येणे कंटाळवाणे, ही समजूतही टिकत नाही : जाताना जिथे फक्त पाणी भरायला थांबलो तिथे येताना मुक्काम करता येतो, आणि काही बिघडले तर अलीकडूनच वळता येते. रिंगवर एक लॉक बंद पडले तर अख्खे वर्तुळ तुटते. २०२५ च्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्याअभावी लीड्स अँड लिव्हरपूल कालव्याचे मोठे टप्पे बंद ठेवावे लागले होते. नोंदणीपूर्वी आणि निघण्याच्या आदल्या दिवशीही ट्रस्टच्या बंद मार्गांच्या सूचना पाहाव्यात.

उरतो तो उजेड. भाड्याच्या बोटी अंधारात चालवायच्या नसतात. मध्य इंग्लंडमध्ये जूनअखेर साडेनऊपर्यंत दिसते, पण ऑक्टोबरअखेर घड्याळे मागे गेली की पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. तोच मार्ग, तीच बोट, आणि संध्याकाळचा उजेड पावणेपाच तासांनी कमी. उन्हाळ्यात उजेड मुबलक असतो, पण नावाजलेल्या जागा दुपारीच भरू लागतात, म्हणून तेव्हाही तीन-चारपर्यंत थांबावे. मार्गात नदीचा टप्पा असेल तर हा सगळा हिशोब वेगळा : पावसानंतर पाणी चढते, प्रवाहाच्या धोक्याच्या पाट्या लाल होतात आणि बोट आहे तिथेच राहते. पहिल्या खेपेला शुद्ध कालवाच निवडावा. आणि नियोजन करताना सर्वांत आधी शेवटची रात्र लिहावी : बोट परत करायच्या ठिकाणापासून तासाभराच्या आत, मध्ये लॉक नाही, तोंड परतीच्या दिशेला. वरच्या बेतात ती जागा पुन्हा टिक्सॉल वाइडच येते. तिथून मागे मोजत पहिल्या दुपारपर्यंत यावे.