मोतिया की राखाडी: बंद खिडक्यांच्या खोलीचा रंग

बडनेऱ्यात घर रंगवताना आतल्या भिंतींसाठी दोन सौम्य रंग हमखास समोर येतात: मोतिया, म्हणजे किंचित पिवळसर झाक असलेला पांढरा, आणि फिकट राखाडी, ज्यात पुष्कळदा निळसर छटा दडलेली असते. शेडकार्ड दुकानाच्या लख्ख दिव्यांखाली पाहिले जाते, पण वऱ्हाडात पारा 45 अंशांवर जातो त्या दिवसांत घरातली माणसे खिडक्या लावून, पडदे ओढून, कूलरसमोर दुपार काढतात, आणि तेव्हा भिंतीला फटींतून येईल तेवढाच उजेड मिळतो.

म्हणून पहिला विचार परावर्तनाचा, म्हणजे पडलेल्या प्रकाशाचा किती भाग भिंत परत फेकते याचा, करावा लागतो. मोतिया साधारण 80 टक्के प्रकाश परत देत असेल आणि राखाडी 55 टक्के, तर आत आलेला प्रकाश तीन भिंतींवर आदळेपर्यंत मोतिया खोलीत शंभरातले 51 भाग उरतात, राखाडी खोलीत जेमतेम 17. लहान खिडक्यांच्या जुन्या घरांत चुन्याची सफेदी हेच काम करीत असे. विझवलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर धरतो आणि त्यात कालवलेली नीळ पिवळेपणा मारते. भिंतीच्या आतल्या रंगाने खोली थंड होते, हा समज मात्र सोडलेला बरा. ते काम गच्चीवरच्या पांढऱ्या लेपाचे आहे.

दिशेचा प्रश्न त्यानंतरचा. उन्हाळ्यातली तिरपी उन्हे वगळता उत्तरेच्या खिडकीतून मुख्यतः आकाशाचा निळसर प्रकाश येतो, त्यामुळे तिथे राखाडी अधिकच निळी आणि उदास दिसते, तर मोतियाची पिवळसर झाक तो निळेपणा सावरून घेते. पश्चिमेच्या खोलीत उलट घडते: मावळतीच्या तांबूस उन्हात मोतिया गडद पिवळा भासतो आणि राखाडी शांत राहते. रात्री दिव्याचा रंगही मोजावा लागतो, जो केल्विन या एककात सांगतात. 3000 केल्विनचा दिवा पिवळसर असतो, 6500 केल्विनचा निळसर पांढरा.

तरीही एकच रंग घ्यायचा असेल, तर बडनेऱ्याच्या दुपारींसाठी मोतियाच योग्य ठरतो. राखाडीचा मोह सुटतच नसेल, तर प्रायमर मारलेल्या भिंतीवर दोन फुटांच्या चौकोनात दोन्ही रंगांचे दोन-दोन हात द्यावेत आणि वाळल्यावर, खिडक्या बंद करून, दुपारी तीनला ते पाहावेत.