सायकलमार्ग आला तर धंदा बसेल काय?

पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. पेठांतला सुतार, लष्करातला शिंपी, पहाटे पाव पोचवणारा बेकरीचा पोऱ्या, सर्वांचा रोजगार दोन चाकांवर चाले. पुढे स्कूटरी आल्या आणि सायकल रस्त्याच्या कडेला ढकलली गेली. महापालिकेने २०१७ साली मंजूर केलेल्या सायकल आराखड्यात ८०० किलोमीटरहून अधिक मार्गांची कल्पना मांडली गेली. असा मार्ग आपल्या रस्त्यावर निघणार म्हटले की दुकानदार बंधूंचा पहिला सवाल असतो, गिऱ्हाईक गाडी कुठे लावणार आणि मालाचा टेम्पो कुठे उभा राहणार?

सवाल वाजवी आहे. परंतु एक मोटार जेवढी जागा अडवते तेवढ्यात आठ-दहा सायकली सहज मावतात. शिवाय ती मोटार पुष्कळदा गिऱ्हाइकाची नसतेच, आपली किंवा शेजाऱ्याची असते; सकाळी लावली ती रात्रीच हलते. (कोणी रागावू नये, बाजारात फेरी मारून पाहावे.)

न्यूयॉर्कमध्ये नवव्या अव्हेन्यूवर २००७ साली अलग सायकलमार्ग काढला. मोटारींचे पार्किंग सायकलमार्ग आणि धावती वाहने यांच्या मधे घेतले. तिथल्या शहर खात्याच्या २०१२ च्या अहवालानुसार त्या पट्ट्यातील स्थानिक दुकानांची विक्री ४९ टक्क्यांपर्यंत वाढली. सबंध मॅनहॅटनमधील वाढ ३ टक्के होती. सारे श्रेय सायकलीला देणे आम्हाला पटत नाही, पण धंदा बसला नाही हे उघड आहे.

आपल्याकडचा अनुभव वेगळा. डिसेंबर २००६ मध्ये सातारा व सोलापूर रस्त्यांवर बीआरटी सुरू झाली, तिच्याबरोबर सायकलमार्गही आले. पण मार्ग कुठे विजेच्या खांबाशी अडतो, कुठे त्यावर रिक्षा आणि दुकानाचा माल उभा, कुठे चौकाच्या आधीच संपतो. मग सायकलवाला पुन्हा बस-ट्रकच्या मधे येतो. मोटारवाल्याची रुंदी गेली ती गेली आणि सायकलवाल्याच्या हाती काही पडले नाही. मार्ग सलग असेल तर उलट घडते. सायकल अलग झाली की टेम्पोचालकाला तिला चुकवत नागमोडी चालवावे लागत नाही. खरा धोका चौकात असतो, डावीकडे वळणारे वाहन सरळ जाणाऱ्या सायकलला कापते. तिथे नीट आखणी नसेल तर उरलेला रंग फुकट.

म्हणून नुसता विरोध करण्यापेक्षा व्यापारी मंडळांनी नकाशा मागवून आपल्या मागण्या लेखी द्याव्यात, हे आम्हाला बरे वाटते. माल उतरवण्यासाठी सकाळची ठरावीक वेळ, दर गल्लीच्या तोंडाशी टेम्पोसाठी एक जागा आणि मार्गावर मोटार चढू नये म्हणून खुंट, एवढे तरी त्यात हवे. हातगाडीवाल्यांची जागा २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखालील नगर पथविक्रेता समितीपुढे आधीच मांडावी. काम सुरू झाल्यावर कोणी ऐकत नाही.