शंकरपट
शंकरपट हा विदर्भातील बैलजोड्यांच्या शर्यतीचा पारंपरिक प्रकार होय. यवतमाळ, अमरावती, भंडारा आदी जिल्ह्यांत प्रामुख्याने हिवाळ्यात पट भरतो. हलक्या छकड्याला बैलजोडी जुंपतात; ती हाकणाऱ्यास धुरकरी म्हणतात. ठरावीक अंतर कमीत कमी वेळात कापणारी जोडी विजयी ठरते. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथील शंकरपट विशेष प्रसिद्ध आहे.

बैलांच्या छळाच्या कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी अशा शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींसह परवानगी दिल्यावर पट पुन्हा भरू लागले. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली. मात्र बैलांना वेदना होऊ न देण्याची अट कायम आहे.