शेक घेताना – लेखांक ६ : टळलेली चूक वहीत का उतरावी?

आपल्या हिंगोली जिल्ह्यातला कॅन्सरचा रुग्ण शेक (रेडिएशनचा उपचार) घ्यायला निघाला, की बहुतेकदा जिल्ह्याबाहेरच जातो. कुणी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात, कुणी बार्शीला. आठवड्याला पाच दिवस, पाच-सहा आठवडे. सोबतच्या माणसाला काळजी असते ती राहण्या-जेवणाची. मशीन चुकू शकतं, हे मनातही येत नाही. खरं तर मशीन क्वचितच चुकतं. चुकतो तो हिशेब.

१९९६ साली कोस्टारिकाची राजधानी सान होसे इथल्या रुग्णालयात शेकाच्या कोबाल्ट मशीनमधला किरण देणारा सोर्स बदलला. नव्या सोर्सची ताकद मोजताना टायमरवर ०.३ मिनिट होतं, म्हणजे १८ सेकंद. ते ३० सेकंद धरलं गेलं. १८ सेकंदांत पडलेला डोस ३० सेकंदांचा मानल्यामुळे सोर्स कागदावर दुबळा ठरला आणि प्रत्येकाची वेळ वाढली. ज्याला एक मिनिट शेक हवा, त्याला एक मिनिट चाळीस सेकंद! २७ सप्टेंबरपर्यंत ११५ रुग्णांना जादा डोस गेला; काहींचा त्यातच जीव गेला. त्या आकड्याची दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे पडताळणी केली असती, तर पहिल्याच दिवशी चूक सापडली असती.

आपल्याकडे शेकाच्या मशीनवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. रेडिएशन सेफ्टी ऑफिसरशिवाय रुग्णालयाला शेक देता येत नाही आणि २००४ च्या नियमांनुसार अपघात २४ तासांत कळवावा लागतो. शिवाय भाभा अणुसंशोधन केंद्र टपालाने डोस मोजणाऱ्या छोट्या कॅप्सूल पाठवतं. रुग्णालयाने त्यांवर ठरलेला डोस देऊन त्या मुंबईला परत धाडायच्या. तिथे ताळा होतो. व्यवस्था चांगली आहे, पण ती मोठ्या चुकीसाठी.

छोटीचं काय? समजा, बाहेर दोन चव्हाणबाई बसल्या आहेत. पुकारा झाला आणि भलतीच आत आली. टेबलावर झोपवली. टेक्निशियनने फाईलवरचा फोटो पाहिला, चेहरा जुळेना, बाईंना उठवलं. डोस गेला नाही, कुणाला काही झालं नाही. मग पुढचा नंबर. माझ्या मते अख्ख्या विभागात त्या दिवशी घडलेली सर्वात मोलाची गोष्ट हीच, आणि नेमकी तीच वहीत उतरत नाही. कारण उघड आहे : लिहिलं की मेमो येईल. मेमोच्या धाकाने चुका थांबत नाहीत, फक्त दिसेनाशा होतात.

म्हणून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०१२ पासून ‘सॅफ्रॉन’ ही ऐच्छिक नोंदव्यवस्था चालवली आहे. तिथे कुणी चुकलं हे विचारत नाहीत. चूक कुठल्या पायरीवर शिरली, कुठल्या पायरीवर पकडली गेली आणि मधल्या पायऱ्यांवरून कशी निसटली, हे विचारतात. चव्हाणबाईंच्या बाबतीत उत्तर सोपं आहे : नुसत्या आडनावाने पुकारा करू नये. पण नोंदच नसेल, तर उद्या दुसऱ्या शिफ्टला हे कळणार कसं?

वाचकहो, शेक घ्यायला आत गेलात की स्वतःहून पूर्ण नाव आणि शेक कुठल्या जागी, कुठल्या बाजूला आहे ते सांगा. कालच्यापेक्षा आज वेळ बराच जास्त लागला, तर कारण विचारा. ते साधंच असेल, पण विचारा. आणि काही गडबड वेळीच लक्षात आली, तर कुणावर डाफरू नका. नोंद केली का, एवढंच विचारा.