मोटारीने पाहू आपला मुलूख

आपला सिंधुदुर्ग जिल्हा तसा लहान. पूर्वेला सह्याद्रीचा डोंगर, पश्चिमेला दर्या. दक्षिणेला गोवा. मध्ये ५,२०७ चौरस किलोमीटरचा मुलूख. त्यात आठ तालुके आणि सुमारे १२० किलोमीटरचा किनारा. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून तो वेगळा झाला. त्याच्याही आधी इथे सावंतवाडीचे संस्थान होते. १९४८ साली ते मुंबई राज्यात विलीन झाले.

लहान म्हणून कोणी कमी लेखू नये. दूर हिंदी महासागरात मॉरिशस नावाचे बेट आहे. आपल्या कोकणातून पूर्वी गेलेल्या माणसांची मुलेबाळे तिथे राहतात. मॉरिशस हा स्वतंत्र देश आहे. पण त्याचा विस्तार सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी!

मग एवढा मुलूख आपण किती पाहिला? मालवणचा माणूस मुंबई पाहतो, पण दोडामार्ग पाहत नाही. वैभववाडीच्या माणसाने शिरोडा पाहिलेला नसतो. चला तर, आज मनानेच मोटारीत बसू. मुख्य रस्ते फिरून येऊ. आता आपल्याला वाचता येते. रस्त्यावर काय काय लिहिलेले असते, तेही वाचू.

शिडी डोळ्यांपुढे आणा

माडावर चढायची शिडी आठवा. दोन उभे दांडे आणि मधे आडव्या पायऱ्या. आपल्या जिल्ह्याचे रस्ते तसेच आहेत.

पहिला उभा दांडा म्हणजे मुंबई-गोवा हमरस्ता. दुसरा उभा दांडा म्हणजे किनाऱ्याचा सागरी मार्ग. दोन्ही उत्तरेकडून दक्षिणेकडे जातात. आडव्या पायऱ्या म्हणजे बंदराकडून घाटाकडे जाणारे रस्ते. एवढे ध्यानात धरले की जिल्ह्यात कुठेही वाट चुकायची नाही.

हमरस्ता

हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६. तो पनवेलला सुरू होतो आणि पार कन्याकुमारीपर्यंत जातो. पूर्वी त्याचा क्रमांक १७ होता. २०१० साली क्रमांक बदलले. म्हणून जुनी माणसे अजून ‘सतरा नंबर’ म्हणतात.

खारेपाटणला तो आपल्या जिल्ह्यात शिरतो. पुढे तळेरे, नांदगाव, कणकवली, कसाल लागते. मग ओरोस, म्हणजे सिंधुदुर्गनगरी. जिल्ह्याची मोठी कचेरी इथेच. पुढे कुडाळ, झाराप आणि बांदा. पूर्वी हा रस्ता सावंतवाडी शहरातून जाई. आता झारापहून नवा रस्ता शहराबाहेरून काढला आहे. बांद्याच्या पुढे पत्रादेवी आली की गोवा सुरू. सगळा मिळून शंभर किलोमीटरच्या थोडा वर रस्ता.

पत्रादेवीला जरा थांबावे. आज गाडी तिथून सहज पलीकडे जाते. पण १९६१ पर्यंत पलीकडे पोर्तुगीजांचे राज्य होते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रही हातात झेंडा घेऊन या वाटेने निघाले. पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. तिथे हुतात्म्यांचे स्मारक आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. तेव्हा कुठे हा रस्ता खऱ्या अर्थाने मोकळा झाला.

हमरस्ता समुद्रापासून इतका आत का?

मालवण, वेंगुर्ले, देवगड ही नावाजलेली गावे किनाऱ्यावर. मग हमरस्ता किनाऱ्याने का नेला नाही?

कारण आपल्या नद्या. सह्याद्रीतून निघतात आणि थोडक्यात समुद्राला मिळतात. वर त्या अरुंद असतात. खाली भरतीचे पाणी आत शिरते आणि त्यांची रुंद खाडी होते. शुक नदी खारेपाटणला ओलांडता येते. तीच पुढे विजयदुर्गची मोठी खाडी होते. कणकवलीला गड नदी, बांद्याला तेरेखोल नदी. वर पूल लहान लागतो, खाली मोठा लागतो. म्हणून हमरस्ता आतून गेला.

किनाऱ्याच्या लोकांचा रस्ता तेव्हा समुद्रच होता. मुंबईहून आगबोट येई. देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जाई. पावसाळा लागला की बोट बंद. मग चार महिने माणूस अडकून पडे. खाडी ओलांडायला होडीची तर. रात्री तर मिळत नसे. आजारी माणसाचे काय हाल होत, ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारावे.

सागरी मार्ग

म्हणून किनाऱ्याच्या रस्त्याची खरी गोष्ट ही पुलांची गोष्ट आहे. हा रेवस ते रेडी असा सागरी मार्ग. रायगड जिल्ह्यातल्या रेवसला सुरू होतो, आपल्या रेडीला संपतो.

आपण विजयदुर्गाकडून निघू. पडेल, जामसंडे, देवगड. हा हापूस आंब्याचा मुलूख. देवगडहून तारामुंबरीचा पूल ओलांडला की कुणकेश्वर जवळ. पुढे मिठबाव, आचरा. मग कोळंबचा पूल आणि मालवण. समोर पाण्यात सिंधुदुर्ग किल्ला दिसतो. शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्याचे काम सुरू केले. तीन वर्षांनी ते पुरे झाले.

मालवणच्या दक्षिणेला देवबागच्या टोकावर उभे राहा. पलीकडे भोगवे दिसते. हाक मारावी इतके जवळ! होडीने थोडा वेळ लागतो. पण मोटारीने जायचे तर मागे फिरून कर्ली खाडीच्या पुलावर यावे लागते. मग चिपी, परुळे करून भोगव्याला जायचे. पूल नसेल तर जवळचे गावही दूर होते, ते असे.

चिपीला विमानतळ आहे. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी तो सुरू झाला. पुढे म्हापण, वेंगुर्ले आणि शिरोडा. शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. त्यापुढे रेडी. तिथे आपला किनारा संपतो.

घाटाच्या वाटा

आता आडव्या पायऱ्या पाहू.

विजयदुर्गहून तळेरे, तिथून वैभववाडी, मग करुळ घाट चढून गगनबावडा आणि कोल्हापूर.

देवगडहून नांदगाव, तिथून फोंडा, मग फोंडा घाट चढून दाजीपूर, राधानगरी. हा रस्ता थेट निपाणीला जातो.

मालवणहून चौके, कट्टा आणि कसाल. सुमारे तीस किलोमीटर. हा हमरस्त्याला मिळतो.

वेंगुर्ल्याहून सावंतवाडी, दाणोली, मग आंबोली घाट. वर गेले की एक वाट आजऱ्याला, एक बेळगावकडे. ब्रिटिश अमदानीत बेळगावचा माल याच वाटेने वेंगुर्ले बंदरात उतरे. पुढे १८८८ च्या सुमारास मुरगाव बंदरापर्यंत रेल्वे झाली. माल तिकडे वळला. वेंगुर्ल्याची वर्दळ ओसरली. रस्त्याने गाव वाढते आणि रस्ता दुसरीकडे गेला की गाव मागे पडते. ध्यानात ठेवावे असे हे उदाहरण आहे.

दोडामार्गहून तिलारी घाट चढला की चंदगड तालुका लागतो.

घाटात दोन नियम पाळावेत. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. उतरताना गाडी मोकळी सोडू नये. ज्या गिअरमध्ये चढण चढतो, त्याच गिअरमध्ये उतरावे. पावसाळ्यात आंबोलीला दाट धुके पडते, दरड कोसळते. तेव्हा घाई करू नये.

आणखी एक. पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नये. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला. तो याच मुंबई-गोवा रस्त्यावर होता. दोन एस.टी. गाड्या पाण्यात गेल्या. पुष्कळ माणसे दगावली. तासभर थांबल्याने उशीर होतो, पण जीव वाचतो.

दगडाची टोपी पाहा

तिठ्यावर पाहुणा विचारतो, “अण्णानू, मालवणाक खंयच्या वाटेन जावचा?” आपण बोट दाखवतो. पण रात्री, पावसात तिठ्यावर कोणी नसते. तेव्हा रस्त्याकडेचा दगड वाट सांगतो.

या दगडाच्या डोक्यावर रंग असतो. जणू टोपीच! पिवळी टोपी म्हणजे राष्ट्रीय महामार्ग. हिरवी टोपी म्हणजे राज्य मार्ग. नारिंगी टोपी म्हणजे ग्रामीण रस्ता. जिल्हा मार्गाचा दगड काळा, निळा किंवा नुसता पांढरा असतो.

दगडावर पुढच्या गावाचे नाव आणि अंतर लिहिलेले असते. रस्त्याचा क्रमांक आणि किलोमीटरचा आकडाही असतो. हमरस्त्याची मोजणी पनवेलहून होते. म्हणून गोव्याकडे जाताना हा आकडा वाढतो. आकडा कमी होऊ लागला तर समजावे, आपण मुंबईकडे चाललो आहोत. दोन मोठ्या दगडांच्या मधे लहान दगड असतात. त्यांवर २, ४, ६, ८ असे आकडे. दर दोनशे मीटरवर एक.

आकडा प्राण वाचवतो

समजा, रस्त्यात अपघात झाला. किंवा बाळंतीणबाईला घेऊन जाताना गाडी बंद पडली. आपण १०८ क्रमांकाला फोन करतो. रुग्णवाहिका फुकट येते. पलीकडचा माणूस विचारतो, “तुम्ही आहात कुठे?” आपण म्हणतो, “त्या वळणावर, मोठ्या वडाकडे.” त्याला कसे कळावे?

त्याऐवजी जवळचा दगड वाचावा. रस्त्याचे नाव सांगावे. दगडावरचा आकडा सांगावा. कुठल्या गावाच्या पुढे आहोत ते सांगावे. गाडी नेमकी तिथेच येते. घटकाभराचा वेळ वाचतो. त्या घटकेत माणूस जगतो.

रस्ता कोणाचा?

खड्डा पडला, साकव मोडला, की आपण चहाच्या टपरीवर बोलतो. त्याने खड्डा बुजत नाही. अर्ज करावा लागतो. पण कोणाकडे?

राष्ट्रीय महामार्ग केंद्र सरकारचा. त्याचे काम महामार्गाची कचेरी पाहते. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. इतर जिल्हा मार्ग आणि गावाला जाणारे रस्ते जिल्हा परिषदेकडे. गावातली वाट, वाडीची पाणंद ग्रामपंचायतीकडे.

चुकीच्या दारात दिलेला अर्ज वर्षभर फिरत राहतो. म्हणून आधी रस्ता कोणाचा ते पाहावे. मग दोन ओळी लिहाव्यात. ‘आमचा रस्ता वाईट आहे’ एवढे पुरत नाही. कोणता रस्ता, कितव्या किलोमीटरच्या दगडापाशी, किती दिवसांपासून आणि कोणाची अडचण होते, हे लिहावे. खाली पाच-दहा जणांच्या सह्या घ्याव्यात. एक नक्कल आपल्याकडे ठेवावी. तिच्यावर पोच घ्यावी. ग्रामसभेत विषय काढावा.

आंबा वेळेवर बाजारात जाणे, म्हावरे ताजे पोचणे, मूल शाळेत जाणे, आजारी माणूस दवाखान्यात पोचणे, हे सगळे रस्त्यावर आहे. तो नीट राहावा म्हणून लिहिणे आपल्या हातात आहे.

वाचा आणि सांगा

१. तुमच्या गावाला सर्वात जवळचा मोठा रस्ता कोणता? त्याच्या दगडाची टोपी कोणत्या रंगाची?

२. तुमच्या घराजवळच्या दगडावर कोणता आकडा आहे? उद्या पाहून वहीत लिहा.

३. तुमच्या वाडीचा रस्ता कोणाकडे आहे? ग्रामसेवकाला विचारा.