शेजारचे खोदकाम आणि आपले घर : कायद्याने मिळणारे संरक्षण

घर ही आपल्यातील बहुतेक कुटुंबांची आयुष्यभराची एकच पुंजी असते. भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम, पतसंस्थेचे कर्ज आणि घरातल्या बाईचे दागिने मोडून उभे केलेले दोन-तीन खोल्यांचे घर शेजारच्या खड्ड्यामुळे खचू लागले, तर दाद कोठे मागायची हे फार थोड्यांना ठाऊक असते. सभासदांना व विशेषतः विद्यार्थ्यांना त्याची माहिती व्हावी, म्हणून आम्ही हा लेख देत आहोत.

नांदेड व लातूर शहरांच्या जुन्या वस्त्यांत अनेक घरांचे पाये दगड-मातीचे आहेत. खाली काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. अशा घराला लागून कोणी तळघरासाठी जेसीबी लावून आपल्या पायापेक्षा खोल खड्डा घेतला आणि कडेला आधार न देता पावसाळाभर तसाच ठेवला, तर माती खड्ड्याकडे सरकते व भिंतीला तडे जातात. तक्रार केली की उत्तर मिळते, "तुमचे घरच जुने आहे, हे तडे भूकंपातले आहेत." ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. ती आठवण ताजी असल्याने हे उत्तर ऐकणाऱ्याला पटतेही. म्हणून तडा नवा आहे आणि तो खड्ड्यामुळेच पडला आहे, हे दाखविणारा पुरावा हाच अशा प्रकरणाचा प्राण होय.

कायदा काय म्हणतो?

१८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम ७ प्रमाणे प्रत्येक जमिनीला शेजारच्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क आहे. मात्र हा हक्क मोकळ्या जमिनीचा आहे. घराच्या ओझ्यासह आधार मिळण्याचा हक्क कलम १५ प्रमाणे वीस वर्षांच्या शांत, उघड व अखंड उपभोगाने प्राप्त होतो. इंग्लंडमध्ये डाल्टन विरुद्ध अँगस या १८८१ च्या प्रसिद्ध खटल्यात हाच प्रश्न होता. शेजारच्या खोदकामाने कोसळलेली इमारत वीस वर्षांहून अधिक काळ उभी होती, म्हणून तिच्या मालकाला भरपाई मिळाली.

घर वीस वर्षांचे नसेल तर माणूस निराधार होतो काय? नाही. खोदकाम करणाऱ्याने शेजाऱ्याला इजा होणार नाही इतकी वाजवी काळजी घेतलीच पाहिजे. ती घेतली नाही तर निष्काळजीपणाबद्दल भरपाईचा दावा करता येतो. "काम गुत्तेदाराला दिले होते, त्याला विचारा" हा बचावही सहसा टिकत नाही. बॉवर विरुद्ध पीट या १८७६ च्या खटल्यात शेजारचे घर सांभाळण्याची हमी गुत्तेदाराने घेतली होती, तरी जबाबदारी मालकावरच ठेवण्यात आली.

दाद कोठे मागावी?

पहिला व सर्वांत महत्त्वाचा मार्ग दिवाणी न्यायालयाचा. खड्डा चालू असतानाच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ खाली तात्पुरता मनाई हुकूम मागता येतो. आदेश २६ नियम ९ खाली कोर्ट कमिशनर नेमून जागेची पाहणी करून घेता येते. १९६३ च्या विनिर्दिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे आधाराची भिंत बांधून देण्यासारखा हुकूमही न्यायालय देऊ शकते. भरपाईच्या दाव्याची मुदत साधारणतः तीन वर्षांची असली, तरी घर पडल्यावर मिळणाऱ्या भरपाईपेक्षा घर पडण्याआधी मिळालेली स्थगिती केव्हाही मोलाची.

दुसरा मार्ग महानगरपालिकेचा. नांदेडला १९९७ पासून व लातूरला २०११ पासून महानगरपालिका आहे. बांधकाम विनापरवाना किंवा मंजूर नकाशाविरुद्ध असेल, तर १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम ५४ खाली ते थांबविता येते. त्या बांधकामाचा परवाना व नकाशा यांच्या प्रती २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली मागाव्यात.

तिसरा मार्ग दंडाधिकारी व पोलीस यांचा. पडण्याच्या बेतातील बांधकामाबाबत उपविभागीय दंडाधिकाऱ्यांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली हुकूम काढता येतो. पाडकाम वा बांधकाम करताना इमारत पडून जीवितास धोका होऊ नये याची काळजी न घेणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९० प्रमाणे गुन्हा आहे.

ग्राहक आयोगाकडे मात्र जाऊ नये. शेजारी हा त्या बिल्डरचा ग्राहक ठरत नाही, म्हणून तेथे वेळ वाया जातो.

जुन्या घरांपुरताच हा प्रश्न आहे असेही नाही. मुंबईत वडाळ्याच्या लॉईड्स इस्टेटची संरक्षक भिंत २५ जून २०१८ रोजी पावसात कोसळली व मोटारी शेजारच्या बांधकामाच्या खड्ड्यात गेल्या. उंच इमारतींतल्या रहिवाशांनाही तेव्हा न्यायालयाचे दार ठोठवावे लागले.

आधी काय करावे?

शेजारी खुणा आखल्या जाताच आपल्या घराची आतून-बाहेरून तारखेसह छायाचित्रे काढावीत. जुने तडेही लपवू नयेत, त्यांची नोंद असली तरच नवे तडे वेगळे दिसतात. तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खूण करून दर आठवड्याला रुंदी मोजून वहीत लिहावी. अभियंत्याकडून पाहणी करून लेखी अहवाल घ्यावा. मालमत्ता पत्रक, कराच्या पावत्या व मोजणीचा नकाशा एकत्र ठेवावा. मग मालकाला व महापालिकेला लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. तोंडी बोलणे कोर्टात उभे राहत नाही.

आपलेच घर गुंठेवारीतले आहे, कागद अपुरे आहेत, म्हणून अनेकजण गप्प बसतात. कागद पूर्ण करून घेणे केव्हाही हिताचे, पण आपला कागद अपुरा असल्याने शेजाऱ्याला आपली भिंत पाडण्याचा परवाना मिळत नाही.

वकिलाच्या खर्चाची भीतीही बाळगू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना व अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या बांधवांनाही हा दर्जा लाभला आहे. जातीचे प्रमाणपत्र घेऊन जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा.

शेवटी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. उद्या आपल्यापैकी कोणी जुने घर पाडून नवे बांधील, तेव्हा हाच कायदा आपल्यालाही लागू आहे. पाया खोदण्यापूर्वी शेजाऱ्याला कळवावे, खड्डा टप्प्याटप्प्याने घ्यावा, कडेला आधार द्यावा व पावसाच्या तोंडावर तो उघडा ठेवू नये. आपल्या भिंतीसाठी जो हक्क आपण मागतो, तो शेजाऱ्याच्या भिंतीलाही आहे, हे प्रत्येक सभासदाने ध्यानात ठेवावे.